गिटार आणि रावसाहेबांची झोप

एकदा एक गिटार एका तरुणाच्या हाती आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने त्याची चारचौघांत शोभा केली. कोणी म्हणेल, तरुणाने गिटार आणली असे म्हणा. मी तसे म्हणणार नाही. पैसे मोजून घरी आणली की खुर्ची आपली होते. वाद्याचे तसे नसते.

तरुणाचे नाव हेरंब. तो एका वृद्ध वादक बाईंचा शिष्य. या बाई एके काळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत. त्या काळी मंचावर बायका उभ्या राहायच्या त्या गायला. ही बाई खांद्याला पट्टा अडकवून उभी राहिली आणि ज्यांना हसायचे होते त्यांना तिने पोटभर हसू दिले. पुढे तेच लोक आपापली मुले घेऊन शिकवणीसाठी तिच्या दारी आले. ते असो.

बाईंनी हेरंबला साध्या लाकडी गिटारीवर वर्षानुवर्षे घडवले होते. पोकळ पोटाची ती गिटार. तार जोराने छेडावी, मग तो स्वर तिच्या पोटात घुमू द्यावा, मध्ये हात आणू नये, यात हेरंबचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा स्वर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाई आणि तिथे क्षणभर बसूनच विरे.

त्याच शहरात दिगंबरअण्णांचा जुना, नामांकित ऑर्केस्ट्रा होता. अण्णा स्वतः त्यात गात. त्यांचा गिटारवादक थकून घरी बसला आणि जागा रिकामी झाली. लहानपणी हेरंब याच ऑर्केस्ट्राच्या मंचाखाली मांडी घालून बसलेला. त्याने त्या जागेसाठी कोरी करकरीत इलेक्ट्रिक गिटार घेतली, मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडली, आणि घरी वडिलांना यांतले फक्त पहिले सांगितले.

तालमीचा दिवस आला. अण्णांच्या कार्यक्रमाची सांगता एका विरहगीताने होत असे. त्या गीतात एक ओळ अशी येते, की जिथे सर्व वाद्ये थांबतात आणि अण्णा एकटे गातात. ओळ संपली रे संपली की गिटारीने पूर्ण जोराने उठायचे. हेरंबने आधीचा स्वर सवयीप्रमाणे घुमू दिला. परंतु ही गिटार पोकळ नव्हती. तिचा स्वर स्पीकरमधून बाहेर पडला, तो पुन्हा तारांवर येऊन आदळला, तारा अधिकच थरथरल्या, आणि अण्णांच्या ओळीच्या ऐन मध्यावर अशी एक किंचाळी उठली की तबलेवाल्याने दोन्ही हात कानांवर नेले.

अण्णांनी माइक खाली ठेवला.

"पोरा," ते म्हणाले, "या ओळीला समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. आज त्यांनी तो कानात कोंबला असता."

सगळे हसले. हेरंबच्या कानशिलांत रक्त चढले.

"गिटार नवी आहे, अण्णा. अजून ओळख झालेली नाही."

"मग ओळख करून घे, आणि येत्या रविवारी ये. तुझ्या बाईंचे नाव मोठे आहे म्हणून एकदा परत बोलावतो. त्या दिवशीही ही बया किंचाळली, तर मी दुसरा माणूस बघेन. मला ओळ महत्त्वाची."

अपमान झाला की माणूस प्रथम बाजारात जातो. हेरंबही गेला. वाद्यांच्या दुकानदाराने त्याच्यापुढे एक चपटी पेटी ठेवली. पायाने दाबायची बटणे, गोल फिरवायच्या खुंट्या. "साहेब, यात काचेसारखा टोन आहे, मधासारखा आहे, वाघासारखा आहे. हवा तो लावा. गिटारीचा दोष कळणारसुद्धा नाही." हेरंबने पेटी घेतली. पुढचे सगळे दिवस तो खुंट्या फिरवीत बसला. टोन बदलत गेले. काचेची किंचाळी झाली, मधाची किंचाळी झाली, वाघाची तर विचारूच नका.

शनिवारी दुपारी तो गिटार आणि पेटी घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून बाईंनी पाणीसुद्धा विचारले नाही.

"बाई, ही गिटार खराब निघाली. उद्या तालीम आहे. उद्या गेले तर सगळे गेले."

"सगळे म्हणजे काय काय?"

त्याने नोकरीचे सांगितले. वडिलांना सांगितले नाही, तेही सांगितले.

"म्हणजे घरी गप्प बसलास आणि मंचावर बोंब मारलीस," बाई म्हणाल्या. "नेमके उलटे केलेस. ये आत."

आतल्या खोलीत बाईंचा जुना अँप्लिफायर होता. आत काचेच्या नळ्या असणारा, चालू केला की शेगडीसारखा ऊबदार होणारा. त्या उबेवर एक म्हातारा बोका झोपला होता. गलेलठ्ठ, एक कान फाटका, मिशा पांढऱ्या. बाई त्याला रावसाहेब म्हणत. रावसाहेबांची दुपारची झोप त्या घरात पवित्र होती. दारावरची घंटा वाजवणाऱ्यालाही बाई खिडकीतून शिव्या घालीत.

"ती पेटी बाहेर चपलांपाशी ठेव," बाई म्हणाल्या. "गिटार जोड. बस इथे, स्पीकरच्या समोर. दोन्ही हात तारांवर आडवे ठेव."

हेरंब बसला. आणि मग बाईंनी असे काही केले की त्याला वाटले, म्हातारीचे डोके फिरले. त्यांनी अँप्लिफायरची सर्व बटणे, एकामागून एक, शेवटपर्यंत फिरवली. मग गिटारीवरचीही फिरवली. स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली. ती रावसाहेबांच्या सवयीची होती. त्यांनी शेपटी जरा आवळून घेतली, एवढेच.

"बाई! एवढ्या आवाजावर हात निसटला तर घर हादरेल!"

"हादरेल. रावसाहेब उठतील. रावसाहेब उठले की मी दिगूला, तुझ्या अण्णाला, फोन करते आणि सांगते, याला घेऊ नकोस."

"पण वाजवायचे काय?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"मराठीत सांगितले ना? काही वाजवायचे नाही. मी चहा ठेवते. माझा चहा होईपर्यंत हिला गप्प ठेव."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. हेरंब बसून राहिला, मांडीवर गिटार आणि समोर झोपलेला बोका.

वाचकहो, न वाजवणे सोपे वाटते ना? उघड्या तोंडाने हसण्याआधी पुढचे ऐका. हात किंचित उचलला तर तारा सुटतात. हात किंचित दाबला तर तारा पट्टीवर टेकतात आणि टेकतानाही बोलतात. या दोहोंच्या मध्ये जी केसाएवढी जागा आहे, तिथे हाताला बसता आले पाहिजे, आणि नुसते बसून भागत नाही, राहता आले पाहिजे. हेरंबच्या तळव्याला घाम आला. शर्टाच्या बाहीचे बटण गिटारीच्या अंगाला लागले. टक्! स्पीकरमधून दगड पडावा तसा आवाज आला.

रावसाहेबांचा फाटका कान हेरंबच्या दिशेने वळला.

हेरंबने श्वास धरला. कान पुन्हा जागेवर गेला. आता बाही वर सारायची तर हात हलवावा लागणार, आणि हात हलवायची सोय नव्हती. खांद्यात गोळा आला. नाकाच्या शेंड्याला, जिथे कधी खाज सुटत नाही तिथे, खाज सुटली. एवढ्यात गल्लीत भाजीवाल्याची गाडी शिरली आणि तिच्यावरचा भोंगा ओरडला, "कांदेऽ घ्या, बटाटेऽ घ्या!" हेरंब दचकला. वरची जाड तार तळव्याखालून निसटली. खोल, दबक्या आवाजात ती गुरगुरू लागली, आणि क्षणाक्षणाला वाढू लागली. तालमीत नेमकी हीच वाढली होती. तेव्हा त्याला वाटले होते, सगळी गिटारच ओरडते आहे.

त्याने डाव्या हाताचा अंगठा गिटारीच्या मानेवरून वर आणला आणि त्या तारेवर अलगद टेकवला. गुरगुर विझली.

रावसाहेबांनी कूस बदलली. झोप मात्र मोडली नाही.

त्यानंतर हेरंब नुसता बसला नाही. तो ऐकू लागला. एकही तार वाजत नव्हती, तरी कोणती तार वाजू पाहते आहे हे त्याला बोटाखाली कळू लागले. जाड तार डाव धरून असते, संधी मिळाली की उठते. तिसरी उतावीळ, तिच्यावरचे बोट जरा ढिले झाले की चुळबुळते. सर्वांत बारीक तार गप्प वाटते आणि तीच सर्वांत आधी किंचाळते. माणसांच्या घरात असते तसेच होते सगळे.

बाई दोन कप चहा घेऊन आल्या. त्यांनी बोक्याकडे पाहिले, मग शिष्याकडे.

"आता एक स्वर वाजव."

"बटण कमी करू?"

"बटणाला हात लावलास तर हात मोडीन. एवढ्याच आवाजावर. आणि रावसाहेब उठता कामा नयेत."

हेरंबने एका तारेपुरते बोट दूर केले. बाकीच्या तारा हाताखाली होत्या. त्याने ती तार इतकी हलकी छेडली की काहीच ऐकू आले नाही. पुन्हा छेडली. एक स्वर आला, पितळी भांड्यात पाण्याचा थेंब पडावा तसा, स्वच्छ आणि गोल. त्याने जरा अधिक जोर दिला. त्याच स्वराला कडेने किंचित खरखर आली, जशी रडून उठलेल्या माणसाच्या आवाजाला असते. अजून जरासा जोर, आणि स्वर दात दाखवू लागला. रावसाहेबांचा एक डोळा उघडला. पिवळा, थंड.

हेरंबने तळवा तारेवर टेकवला. खोलीत गुणगुणीखेरीज काही उरले नाही. तो डोळा त्याच्याकडे पाहत राहिला. बाईंच्या हातातला कपही थांबला होता. मग रावसाहेबांनी एक प्रदीर्घ जांभई दिली, हनुवटी पंजांवर ठेवली, आणि डोळा मिटला.

बाईंनी बटणे उलटी फिरवली. हेरंबने हात उचलले आणि आधी नाकाचा शेंडा खाजवला.

"काच, मध, वाघ," तो पुटपुटला. "सगळे हिच्यातच होते."

"दुकानदार बिचारा काय करील? त्याला पेटी विकायची होती," बाई म्हणाल्या. "आता ऐक. तुझ्या जुन्या गिटारीला बोलते करावे लागे. तिथे छेडणे हीच मेहनत, आणि ती तू चांगली केलीस. पण ती सवय घेऊन तू हिच्याकडे आलास. ही सदैव बोलायला टपलेली आहे. हिच्यात बळ आधीच भरलेले आहे, तुझ्या मनगटाचे बळ हिला नको. जी तार तू वाजवत नाहीस, तिची जबाबदारीही तुझीच. बळ अंगात पूर्ण असताना शेजारी झोपलेल्याची झोप मोडू न देणे, ही हिची विद्या. ते ज्याला साधले त्याच्याच हातात ही सगळे टोन ठेवते. चहा पी, निवला."

हेरंब चहा प्यायला. मग म्हणाला, "पण बाई, त्या ओळीपुरते मी बटण बंद केले असते तर?"

"करून बघ. एक हात बंद करायला, एक हात उघडायला, आणि गाणे दारात तुझी वाट पाहत उभे. शिवाय तोंड बांधलेल्या कुत्र्याला कोणी शहाणे म्हणत नाही."

रविवारी हेरंब बाह्या दुमडून तालमीला गेला. पेटी त्याने नेली नाही. शेवटचे गीत आले. ती ओळ आली. सर्व वाद्ये थांबली आणि अण्णा गाऊ लागले. अण्णा म्हणजे जुने खोड. त्यांनी मुद्दाम ओळ लांबवली. शब्दाशब्दांवर थांबले. एका ठिकाणी तर श्वास घेऊन पुढे जाईचनात. सभागृहातल्या पंख्याची करकर ऐकू येत होती. तबलेवाल्याचे हात कानांच्या दिशेने निम्म्यावर जाऊन थांबले होते. हेरंब डोळे मिटून उभा होता. जाड तारेवर अंगठा, बाकीच्यांवर तळवा, आणि मिटलेल्या डोळ्यांसमोर एक फाटका कान.

ओळ संपली, आणि गिटार उठली. जिथून उठली तिथे क्षणापूर्वी काही होते असे कोणाला वाटलेही नव्हते.

तालीम आटोपल्यावर अण्णा जवळ आले. "त्या ओळीला गिटार बंद केली होतीस. चांगले केलेस."

"नाही अण्णा. पूर्ण उघडी होती."

अण्णांनी त्याचा उजवा हात धरला आणि तळवा उलटा केला. तळव्याच्या कडेवर तारांचे बारीक, लाल वळ उमटले होते.

"माझ्या वेळी बाईंकडे पांढरी मांजरी होती," ते हळूच म्हणाले. "फार हलकी झोप होती तिची. तीनदा उठली, म्हणून मी गायकीकडे वळलो. शुक्रवारी कार्यक्रम आहे, वेळेवर ये."

त्या संध्याकाळी हेरंबने वडिलांना नोकरीची राहिलेली गोष्ट सांगितली. वडील पुष्कळ बोलले, त्यातले काही खरे होते, काही रागाचे. हेरंबजवळ प्रत्येक बोलण्याला उत्तर होते. त्याने तळवा गुडघ्यावर अलगद टेकवला आणि वडिलांची ओळ संपू दिली.

ज्यांच्या हाती गावाचा भोंगा आहे, त्यांनी आपल्या घरी एखादे म्हातारे मांजर अवश्य पाळावे.