थोरल्याच्या पाठीवर कुणी चढेना

दक्षिणेकडचा मोठा समुद्र ओलांडला की एक मुलूख लागतो. तिथं ऋतू उलटे. आपल्याकडे अंगाची लाही होते तेव्हा तिथं थंडी सुरू होते, आणि आपल्याकडे गणपती बसतात तेव्हा ती सरते. त्या मुलखातल्या एका गावात एक खेळाडू होता. सगळा गाव त्याला थोरला म्हणायचा.

थोरला मेंढ्यांची लोकर कातरायचा, पण ते पोटापुरतं. बाकी तो चेंडूचा माणूस.

तिथला फुटबॉल आपल्यासारखा नाही. चेंडू पपईसारखा लांबट. मैदान भाकरीसारखं वाटोळं. इकडे अठरा गडी, तिकडे अठरा. लाथ मारा, हातात धरा, पळा, पाडा, सगळं चालतं. पण खरा मान एकाच गोष्टीला. चेंडू उंचावरून खाली येत असला की समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर उडायचं आणि तो हवेतच झेलायचा. स्वच्छ झेलला की बाकीच्यांनी मागं सरायचं आणि झेलणाऱ्यानं निवांत गोलाकडे मारायचा. पाठीवर चढणं तिथं वाईट मानत नाहीत. ज्याच्या पाठीवर चढावं लागतं तो गडी भारी, असा तिथला हिशेब.

थोरला तरुणपणी असा उडायचा की खाली उभी असलेली माणसं तोंड उघडं टाकून बघायची. त्याच्या जोरावर गावानं कप आणला. त्याआधी कधी आणला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

त्या गावाची एक रीत होती. कप आणणाऱ्या गड्याला 'आता पुरे' असं कुणी म्हणायचं नाही. त्यानं आपण होऊन जर्सी उतरवायची, आणि ती पुढच्यानं घालायची. त्यानं उतरवलीच नाही, तर पुढच्यानं बसून राहायचं.

असा बसून राहणारा एक होता. त्याला सगळे बदली म्हणायचे. गावात दूध घालायचा. सामन्याच्या दिवशी मोठा कोट चढवून यायचा आणि कडेच्या बाकावर बसायचा. थोरल्याला पाणी द्यायचा. थोरल्याची कंबर वाकत नव्हती, म्हणून त्याच्या बुटाची नाडीही हाच बांधायचा. उडी चांगली होती त्याची. पण बाकावर बसून उडी कुणाला दिसते?

बघता बघता थोरल्यानं चाळिशी ओलांडली. लोकर कातरायला चाळिशी म्हणजे काहीच नाही. पण त्या खेळात चाळिशीचा गडी म्हणजे पणजोबाच. थोरल्याला मात्र तसं वाटत नव्हतं. उलट त्याला वाटायचं, आपण आत्ता कुठे खेळायला शिकलो.

दर सामन्यानंतर त्याची बायको तेल कोमट करून त्याची पाठ चोळायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, "यंदाही पाठीवर एकही वळ नाही हो तुमच्या."

"नसणारच. मी कुणाच्या हाताला लागतोय का? पोरं नुसती मागं पळतात."

"पूर्वी बोट लावू द्यायचा नाहीत दुखण्यानं."

"पूर्वी अक्कल नव्हती. आता डोक्यानं खेळतो मी."

बायको मैदानाच्या दोरीला टेकून प्रत्येक सामना बघायची. तिला जे ठाऊक होतं ते जिभेवर आलं आणि परत फिरलं. माणूस इतका खुशीत, त्याला काय सांगायचं? ती तेल मुरेपर्यंत चोळत राहिली.

थंडी सरत आली. एक सामना उरला नदीपलीकडच्या गावाशी. तो जिंकला की कपाचा मोठा सामना. सगळा गाव कानटोप्या घालून मैदानाभोवती जमला.

नदीपलीकडच्या गावात त्याच आठवड्यात एक घरजावई आला होता. धिप्पाड गडी. त्यांचा एक खेळाडू तापानं पडला, म्हणून सासऱ्यानं जावयाला उभं केलं.

तिथं सामन्याचे चार भाग असतात. तिसरा संपत आला तोवर सगळं सुरळीत होतं. थोरल्याचं गाव जरासं मागं होतं. तेवढ्यात एक चेंडू उंच गेला. थोरला नेहमीप्रमाणे त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. उडी कसली, टाचा तेवढ्या उचलल्या. आणि पाठीत दणकन गुडघा बसला. जावई त्याच्या खांद्यावरून वर गेला, चेंडू झेलला, आणि थोरला तोंडावर चिखलात.

मग नदीपलीकडचा कप्तान धावत आला, तो आपल्याच जावयावर.

"अहो जावईबापू! त्यांच्या पाठीवर जायचं नाही, ठाऊक नाही तुम्हाला?"

"मला कोण सांगणार?"

"सगळ्यांना ठाऊक आहे!"

"मी परवा आलोय तुमच्या गावात. सासूबाईंनी काय वाढलं तेवढंच मला ठाऊक."

"आम्ही त्यांच्या कप्तानाला शब्द दिलाय. म्हातारं हाड आहे. मोडलं म्हणजे?"

"मग मैदानात कशाला उभं केलंय त्यांना? घरी बसवा. मी स्वतः येऊन पाया पडेन."

थोरला अजून चिखलातच होता. त्यानं शब्द न् शब्द ऐकला. तेवढ्यात विश्रांतीचा भोंगा वाजला.

कुणी हात दिला तो त्यानं धरला नाही. आपला आपण उठला, बाकापाशी आला आणि आपल्या कप्तानासमोर उभा राहिला. कप्तान वयानं त्याच्या धाकट्या भावासारखा.

"किती दिवस चाललंय हे?"

कप्तानाची मान खाली गेली. "तीन हंगाम, दादा."

"सगळ्या गावांशी बोललास?"

"सगळ्या. एकानंही नाही म्हटलं नाही. लहानपणी सगळेच तुमच्यासारखे उडायला बघायचे, दादा."

"म्हणजे मागच्या साली डोंगरावरच्या गावाविरुद्ध मी पाच झेल घेतले, ते?"

कप्तान बुटाकडे बघायला लागला. मागून एकजण हळूच म्हणाला, "एक खरा होता, दादा."

"कोणता?"

ते कुणाला आठवेना.

थोरल्याच्या मानेची शीर उडायला लागली. "घास भरवलेत होय रे मला? मी घरी जाऊन बायकोला ऐटीत सांगायचो, पोरांच्या हाताला लागत नाही म्हणून. आणि तुम्ही मला घास भरवत होता!"

"मायेनं केलं, दादा," कप्तानाचे डोळे भरले. "तुम्हाला कसं सांगायचं? आणि आता सांगून तरी काय करू? हा एक भाग राहिलाय. तुम्ही त्या कोपऱ्यात नुसते उभे राहा, आम्ही निभावतो. हा काढला की मोठा सामना. तो खेळा. बँड लावू, पताका लावू, चार गावं येतील. मग मानानं उतरवा जर्सी. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

थोरल्याला ते पटलं. खोटं कशाला सांगायचं, पटलं. चिखलात तोंड गेलं, सगळं समोर उघडं पडलं, तरी माणसाचं मन म्हणतं, अजून एकच. त्याला बँड ऐकू आला. पताका दिसल्या. आपलं नाव घेऊन ओरडणारी चार गावं दिसली. तो बाकावर टेकला आणि सवयीनं त्यानं पाय पुढे केला, नाडी सुटली होती म्हणून.

बदली पुढे झाला. पण खाली बसताना त्यानं बाकाची कड गच्च धरली, दात आवळले, आणि मग कुठे त्याचा गुडघा जमिनीला लागला.

"काय झालं रे?"

"काही नाही, दादा. थंडीत बसून बसून आखडतो जरा."

थोरल्यानं आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढीत पांढरे केस. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. हात दुधाचे कॅन उचलून राठ झालेले.

"अरे, तू पोरगा होतास ना?"

"होतो की," बदली हसला. "पाय इकडे करा, भोंगा वाजेल."

"कधी बोलला का नाहीस मला?"

"काय बोलायचं? तुमच्या अंगातली जर्सी मागायची? माझ्या मुलाला तुमचं नाव दिलंय मी, दादा."

तो नाडीला गाठ मारत होता. थोरल्यानं पाय मागं घेतला.

"राहू दे. ऊठ."

"गाठ बसायचीय अजून."

"ऊठ म्हणतो ना!"

आणि त्यानं जर्सी डोक्यावरून काढली. एवढ्या थंडीत उघडा उभा राहिला. पोट सुटलेलं, छातीवरचे केस पिकलेले. दोरीपलीकडच्या लोकांना दिसलं आणि सगळे दोरीशी सरकले.

कप्तान आडवा आला. "दादा, आज नको! मोठ्या सामन्याला..."

"मोठ्या सामन्याला बँड माझ्यासाठी वाजेल. खेळणार कोण? तुम्हाला कप आणायचाय की माझी वरात काढायचीय?"

थोरल्यानं जर्सी बदलीच्या हातात ठेवली.

बदली जर्सी हातात धरून नुसता उभा. "दादा, मला जमेल का आता?"

"ते मला काय विचारतोस? चेंडूला विचार जा."

बदलीनं कोट काढला, जर्सी घातली. चिखलानं ओली, आणि पोटाशी ढगळ. तो चाचपून बघायला लागला, तर थोरला म्हणाला, "ती मटणाची जागा आहे. दोरीनं बांध आणि पळ."

भोंगा वाजला. थोरला बदलीचा कोट पांघरून बाकावर बसला. लाकूड बर्फासारखं गार. गारठा पायांतून वर चढला, आणि थोरल्याच्या मनात आलं, याच्यावर तो इतकी वर्षं बसला, आणि मला पाणी देताना कधी तोंड वाकडं केलं नाही.

बदलीची पहिली उडी फसली. तो आडवा पडला. लोक हळहळले, काही हसले. दुसऱ्यांदा चेंडू उंच आला तेव्हा खाली जावई उभा होता. बदली मागून आला, जावयाच्या पाठीवर गुडघा टेकवला आणि वर गेला. क्षणभर वरच राहिला. हात लांब केले आणि चेंडू झेलला.

आपल्या जर्सीत दुसरा उडताना बघणं सोपं नसतं. मग थोरल्यानं बाकावर उभं राहून अशी आरोळी ठोकली की त्याचा घसा बसला.

तरी गाव हरलं. थोडक्यात हरलं. तीन भाग अठरांच्या जागी सतराच खेळत होते, त्याचं दुसरं काय होणार? मोठा सामना नदीपलीकडच्यांनी खेळला.

हरले तरी कुणी मैदान सोडेना. त्या मुलखात जर्सी उतरवणाऱ्याला दोन गडी खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेतात. कप्तान आणि आणखी एकजण रडतच आले. मागून जावईही आला, टोपी हातात घेऊन. पहिल्या दोघांनी थोरल्याच्या मांडीखाली हात घातला आणि त्याला उचललंसुद्धा.

"खाली ठेवा," थोरला घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"रीत आहे, दादा."

"ठेवा म्हणतो ना. तीन हंगाम उचलूनच धरलंत की मला. माझे पाय खेळण्यापुरते गेलेत. घरी जाण्यापुरते आहेत अजून."

त्यांनी ठेवलं. थोरल्यानं कप्तानाच्या डोक्यावर हात ठेवला. जावयाला म्हणाला, "बापू, बरं झालं आलास. या सगळ्यांत मला गडी समजून तूच खेळलास." मग एक बूट सुटलेला, अंगावर दुसऱ्याचा कोट, असा तो चिखल तुडवत दोरीकडे निघाला. दोन्ही गावांनी टोप्या काढल्या. बायकोनं दोरी वर धरली, तो मान लववून खालून बाहेर आला, आणि दोघं घरी गेली.

बदलीला दोनच हंगाम मिळाले. गुडघा साथ देईना. त्याची उडीची वर्षं त्या बाकावरच गेली होती, आणि ती कुणालाच परत देता आली नाहीत, थोरल्यालाही नाही. पण तिसऱ्या हंगामाच्या आधी बदली आपण होऊन कप्तानाकडे गेला आणि जर्सी देऊन आला. धुऊन, घडी घालून. त्यानंतर त्या गावात मायेच्या माणसाला खरं सांगायची लाज कुणी धरली नाही.

तात्पर्य एवढंच: लोक आपल्याशी खेळायचं सोडून आपल्याला जपायला लागले, की आपण होऊन जागा सोडावी; कारण आपण जागा अडवून बसतो ते दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून जातात.