शेटेअण्णांचा आवाज

“पण मास्तर, दुरुस्तीची सोय सॉफ्टवेअरमध्येच दिलीय ना, मग वापरायची का नाही?”

मुजावर मास्तर टेबलावर वाकून हार्ड डिस्कची घरघर ऐकत होते.

प्रसन्न शेटे मनातून वैतागला. पुण्यात त्याची स्वतःची कॉम्प्युटर दुरुस्तीची लॅब होती, हाताखाली माणसं होती, आणि डिस्क तपासायला तिथे कुणी कान लावत नसे. पण ही डिस्क त्याच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरची होती. त्याचे वडील, अण्णा, जाऊन वर्ष होत आलं होतं. कराडच्या किराणा दुकानात जन्म घालवलेल्या त्या माणसाचा आवाज आता फक्त या डिस्कवर उरला होता. कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी हौसेने माइकपुढे बसवून रेकॉर्ड केलेला. म्हणून तर साहेब झक मारत पुन्हा याच टेबलाशी आले होते, जिथे कॉलेजात असताना ते स्क्रू फिरवायला शिकले.

खोली तशीच होती. सोल्डरचा तोच वास, कोपऱ्यात तोच पोट सुटलेला मॉनिटर, आणि मास्तरांचा आलं घातलेला कोरा चहा. तेव्हा संध्याकाळी इथून घरी जाताना अण्णा दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसायचे. काय सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा कळलंही नाही.

“पुण्यात काय केलंस हिला?” मास्तरांनी विचारलं.

पूर्ण तपासणी लावली, त्याने सांगितलं. रिपोर्ट वाईट आला म्हणून परत लावली. मग खात्रीसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही करून पाहिली.

“धाप लागलेल्या माणसाला जिना चढायला लावलास.”

स्क्रीनवर प्रसन्नने इथेही लावलेली तपासणी चालू होती, खराब जागांचे तांबडे चौकोन पसरत होते.

“आणि आता दुरुस्ती लावलीस, तर डिस्क बरी होईल,” मास्तर म्हणाले. “खराब जागा पुसून कोऱ्या होतील. अण्णांसकट.”

“मग...?”

मास्तरांनी तपासणी बंद केली आणि नवी डिस्क शेजारी जोडली. मग आपल्या जुन्या पद्धतीने काम सुरू केलं. सहज वाचता येईल ते आधी उतरवून घ्यायचं. अडेल तिथे हट्ट नाही, पुढे सरकायचं. दुपार त्यातच गेली. प्रसन्नने दोनदा तोंड उघडलं, मास्तरांनी दोन्ही वेळा चहा पुढे केला.

उन्हं उतरल्यावर जुनी डिस्क कडकड वाजली आणि थंड पडली.

मास्तरांनी नव्या डिस्कवरची फाइल लावली.

“हॅलो... हॅलो... ह्यात बोलायचं का? मग हे ऐकणार कोण?” अण्णा खोकले, हसले. पाठीमागे आईही हसत होती. मग आवाज तुटला. काहीच नाही... आणि मग पुन्हा अण्णा, “...ये लवकर, ताट वाढलंय.”

प्रसन्नने डोळे पुसले. पण जीव त्या तुटलेल्या जागेपाशीच घुटमळत राहिला. जुनी डिस्क पुन्हा जोडा, तो म्हणाला. जमत नसेल तर तो पुण्याला नेणार होता, मुंबईला नेणार होता, उघडून घेणार होता.

मास्तरांनी डिस्क फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

“तुटलं तिथे काय होतं रे?”

“मला हाक मारली होती अण्णांनी. नावाने.”

मास्तरांनी फाइल मागे नेऊन पुन्हा लावली. अण्णा खोकले, हसले, आई हसली, आणि ती शांतता आली...

“हाक मारलीय ना?” मास्तर हळूच म्हणाले. “मग ओ दे.”