शेवंतीचा तोबरा

“मग झोळी कधी देणार, बाबा?”

नूरशा फकीर उकिडवे बसून लीद बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठली झोळी?”

“औषधांची. दुसरी कुठली आहे तुमच्याकडे?”

झोळी तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, भिंतीवर खुंटीला टांगलेली होती. हिंग, ओवा, हळद, बिब्बा, आणखी काय काय. रावळखेडीच्या घोड्यांच्या जत्रेत ज्याच्या खांद्यावर ती झोळी, तो घोड्यांचा वैद्य. तो आला की राहुटीतले लोक उठून उभे राहत. नूरशांचा शिष्य हैबती कित्येक वर्षं त्या खुंटीकडे बघत आला होता.

“रोग ओळखता येतो मला,” हैबती म्हणाला. “घोडं वळून वळून पोटाकडे बघतं, पुढच्या पायानं माती उकरतं, वरचा ओठ मुडपतं, तर पोटशूळ. खूर तापलाय, मागच्या पायांवर रेलून उभं आहे, तर दाणा बाधला. नाकातून पिवळा शेंबूड, जबड्याखाली गाठ, तर आधी त्याला बाकीच्यांपासून लांब बांधायचं. सांगा, काय राहिलं?”

“लीद.”

“लीद?”

“ही बघ. अख्खे हरभरे पडलेत. या घोड्याचे दात कधी बघितलेस?”

हैबतीनं दात बघितले नव्हते. त्याला राग आला.

“हा काही रोग नव्हे, बाबा.”

“अजून नव्हे.”

नूरशांचं बोलणं हे असं. दोन शब्द टाकायचे आणि आपल्या कामाला लागायचं. ऐकणाऱ्यानं ते चघळत बसावं. हैबतीला चघळायचा कंटाळा होता. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असा त्याचा स्वभाव. पण हात चांगला होता, ते कबूल करायला हवं.

तेवढ्यात मैदानाकडून हलगी कडाडली.

“शर्यत...” हैबतीचे पाय आपोआप तिकडे वळले.

“जा. आणि जे घोडं जिंकेल, ते थंड होईस्तोवर त्याच्या तोंडाला काही लागू देऊ नकोस.”

“हो, हो.”

तो पळतच सुटला होता. ऐकलं किती आणि वाऱ्यावर गेलं किती, देव जाणे.

मैदानावर नुसता कल्लोळ होता.

कोंडाबाई धनगरीण जत्रेला घोंगड्या विकायला आली होती. तिची घोडी शेवंती, बुटकी, पोट सुटलेली, आयाळीत कुसळं. मेंढरांमागं रानोमाळ हिंडताना कोंडाबाईचं सगळं बिऱ्हाड, तवा, परात, चार कोकरं आणि कोंबड्यांचा खुराडा, या एका घोडीच्या पाठीवर असायचं. ती गेली तर बिऱ्हाड होतं तिथंच बसणार, इतका साधा हिशेब.

एका घोडेवाल्यानं तिला विचारलं होतं, “बाई, ही घोडी म्हणायची की शेळी?”

कोंडाबाईनं काष्टा आवळला आणि शेवंतीवर मांड टाकली.

“तुमची सोडा. मग सांगते.”

आणि घोडी सुटली.

पहिल्या निम्म्या मैदानात शेवंती सगळ्यांच्या मागं होती. लोक पोट धरून हसत होते. मग आली टोकाची बाभळ. तिला वळसा घालून परत यायचं होतं. बाकीची मोठी घोडी वेगात होती, ती सगळी लांबवर भरकटली. शेवंतीचा जन्म चुकार मेंढरांमागं वळण्यात गेलेला. ती बाभळीला जवळजवळ घासून वळली.

हसणं थांबलं. मग ओरडणं सुरू झालं. म्हातारे काठ्या टाकून उभे राहिले. हलगीवाला वाजवायचं विसरून नुसताच पळायला लागला. धूळ, फेस, कोंडाबाईचा पाठीवर उडणारा पदर... आणि शेवंती मानभर अंतरानं पहिली आली.

मी तिथं असतो तर मीही ओरडलो असतो. त्यात कुणाची चूक नाही.

चूक पुढं आहे.

रावळखेडीची रीत अशी, की जिंकलेलं घोडं राहुट्यांच्या ओळीतून फिरवायचं आणि प्रत्येक राहुटीनं त्याला भिजवलेले हरभरे आणि गूळ मूठभर चारायचे. याला म्हणायचं मूठ देणं. मूठ परतवली तर राहुटीचा अपमान. त्यावरून डोकी फुटलेली आहेत.

जत्रेतल्या माणसांचं प्रेम मोठं अवघड. कुणाला वाटत नाही की आपली मूठ जास्तीची आहे. ओळीतला प्रत्येक जण म्हणतो, मी तर एवढंसंच दिलं.

शेवंती अजून धापा टाकत होती. छाती भिजलेली, नाकपुड्या फुललेल्या. हैबती गर्दी फोडून पुढं झाला. बाबांचा निरोप त्याच्या ओठांवर होता, अगदी ओठांवर. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात गूळ-हरभरे कोंबले.

“पहिली मूठ नूरशाबाबांच्या तकियाची.”

सगळे बघत होते. पहिला मान होता...

हैबतीनं हात पुढं केला.

दुपारी कोंडाबाई तकियाशी आली. तिच्या पायात वहाणा नव्हत्या.

“बाबा, शेवंती लोळायली. उठवलं तर उठती, परत बसती. माती उकरायली. पोटाकडं बघून बघून मला इचारायली जणू.”

नूरशा उठले नाहीत. त्यांनी हैबतीकडे बघितलं.

“कोण जातं?”

“मी,” हैबती म्हणाला.

“जा.”

“झोळी?”

“घे.”

इतक्या वर्षांची झोळी अशी एका शब्दात खुंटीवरून निघाली. हैबतीला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त आपल्या उजव्या हाताचा गुळचट चिकटपणा जाणवला.

शेवंतीभोवती कोंडाळं होतं आणि प्रत्येकाजवळ उपाय होता.

“दारू पाजा तिला.”

“तेल वता नरड्यात.”

“पळवा मैदानभर, आपसूक मोकळी हुईल.”

“मागं सरा,” हैबती म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की लोक खरंच मागं सरले.

त्यानं घोडीचा ओठ वर केला. हिरड्या अजून गुलाबी होत्या, बोटानं दाबल्या तर पांढऱ्या पडून पुन्हा रंग धरत होत्या, जरा उशिरानं. जबड्याखालची नाडी धावत होती. त्यानं तिच्या कुशीला कान लावला.

काही नाही.

दुसऱ्या कुशीला लावला.

काही नाही. निरोगी घोड्याचं पोट सदा गुडगुडत असतं. हे पोट गप्प होतं.

“जगंल का, दादा?” कोंडाबाईनं विचारलं.

हैबतीनं झोळी उघडली. झोळीतलं हिंगाचं चाटण त्यानं बोटभर तिच्या जिभेला लावलं, नरड्यात काही ओतलं नाही. पुढ्यातली कडब्याची पेंढी लांब फेकून दिली. आणि लगाम धरून तिला चालवायला लागला. पळवायचं नाही, ओढायचं नाही. चालायचं. ती खाली बसू बघायची, तो तिच्या मानेला मान लावून तिला उभी करायचा. मध्येच थांबून कान लावायचा. पुन्हा चालायचा.

ऊन कललं. जत्रेतला सौदा बंद पडला. जिलेबीवाल्यानं कढई उतरवली. सगळी रावळखेडी एका घोडीच्या शेपटीकडे डोळे लावून बसली.

लांबवर नूरशा येऊन उभे राहिले होते.

हैबतीनं पुन्हा कुशीला कान लावला आणि तिथंच थबकला.

“काय झालं?” कोंडाबाईनं विचारलं.

“गप्प... गुडगुडतंय.”

कोंडाळं श्वास रोखून उभं राहिलं. शेवंतीनं शेपूट उचललं. जरा वेळ काही नाही. मग...

“पडली. लीद पडली.”

लग्नात अक्षता पडल्यावर होत नाही इतका आनंद त्या लिदीनं झाला. हलगी कडाडली. कोंडाबाई घोडीच्या गळ्यात पडून रडली. लोकांनी हैबतीच्या गळ्यात हार घातले आणि त्याला खांद्यावर उचललं. नवा वैद्य, नवा वैद्य, अशी हाळी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गंगेत घोडं न्हालं. हैबती हसत होता, रडतही होता. त्याची छाती भरून आली होती, आणि का येऊ नये?

“शेवंती उठली,” गर्दीत कुणीतरी म्हणालं. “मूठ द्या तिला.”

“मूठ द्या, मूठ द्या.”

खांद्यावरून हैबतीला सगळं दिसत होतं. राहुट्याराहुट्यांतून हात निघाले. प्रत्येक हातात हरभरे, प्रत्येक हातात गूळ. सकाळच्यापेक्षा जास्तच, कारण आता प्रेमही जास्त होतं.

“थांबा,” तो ओरडला. “आज काही देऊ नका तिला. मरेल ती.”

हलगी त्याच्याच नावानं वाजत होती. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. तो उतरायची धडपड करू लागला, तर लोकांना वाटलं, लाजतोय. त्यांनी त्याला आणखी उंच धरलं.

कोंडाबाई हात जोडून उभी होती. नाही म्हणावं तर अख्ख्या जत्रेचा अपमान. हो म्हणावं तर...

हैबतीनं झोळीत हात घातला. हिंग होता, ओवा होता, हळद होती. मुठी पुढं करणाऱ्या या हातांवर त्यातलं एकही औषध नव्हतं.

पहिली मूठ शेवंतीच्या ओठापासून वीतभर राहिली होती. तेव्हा गर्दीतून नूरशा आले. नेहमीच्याच चालीनं. त्यांच्या हातात तोबरा होता, घोड्याच्या तोंडाला अडकवायची दाण्याची साधी गोणपाटी पिशवी. त्यांनी तो शेवंतीच्या तोंडाला लावला, त्याचे बंद कानांमागून घेऊन बांधले आणि बाजूला उभे राहिले.

मूठ थांबली.

घोडेवाल्यांत आणखी एक जुनी रीत आहे. खात्या तोंडाला हात लावायचा नाही. शत्रूचं घोडं असलं तरी नाही.

“खातीय ती,” पहिल्या मुठीचा धनी मागच्याला म्हणाला.

“बाबांनी चारलंय.”

“खाऊ द्या. मग देऊ.”

मुठी मिटल्या. हलगीसुद्धा जरा हळू झाली. लोक वाट बघत बसले. शेवंती तोबऱ्यात तोंड घालून शांत उभी होती आणि बाबा तिच्या मानेवर हात ठेवून. किती वेळ खाते ही, असं म्हणत हळूहळू एकेक जण उठला, जिलेबीवाल्याच्या कढईखाली पुन्हा जाळ झाला, घोडेवाले आपापल्या सौद्याकडे वळले. हरभरे ज्यांचे त्यांनीच खाल्ले.

लोकांनी एव्हाना हैबतीला खाली ठेवलं होतं. तो जवळ आला. त्यानं शेवंतीकडे नीट बघितलं.

तिचा जबडा हलत नव्हता.

त्यानं कोंडाबाईकडे बघितलं. तिला आधीच कळलं होतं. तिनं पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

दिवेलागणीला तकियाशी दोघंच होते. शेवंती पलीकडे नुसत्या पाण्याच्या हौदाशी बांधलेली. बादलीभर पाणी प्यायली होती, तेही थोडं थोडं करून. हिरवा चारा उद्या, तोही चिमूटभर, आणि दाणा बरेच दिवस नाही, असं कोंडाबाईला बजावून झालं होतं.

नूरशांनी हैबतीचा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला.

गुळाचा वास अजून होता.

“पहिली मूठ माझी होती, बाबा,” हैबती म्हणाला. “तुमचा निरोप ओठांवर होता. सगळे बघत होते, आणि मी...”

“माहीत आहे.”

“माहीत होतं? मग झोळी माझ्या हाती कशी दिलीत?”

“पाडली तू. उठवणार कोण?”

हैबतीनं गळ्यातले हार काढले. झोळी काढून तो खुंटीकडे निघाला.

“कुठं चाललास?”

“परत टांगतो. माझा अजून हक्क नाही.”

“राहू दे खांद्यावर. शेवंतीनं दिली ती, मी नाही.”

हैबती उभाच राहिला. नूरशांनी शेवंतीच्या तोंडचा तोबरा सोडून आणला होता. तो त्यांनी झटकला, घडी घातली आणि हैबतीच्या हातात दिला.

“हा माझ्याकडून.”

हैबतीनं तोबरा उघडून बघितला. मग आत हात घालून चाचपला. कोपऱ्यात एक दाणासुद्धा नव्हता.

“हा तर रिकामा आहे, बाबा.”

“भरू नकोस.”