बाभूळपरीच्या चपला

हिरव्यागार माळाच्या कडेला, बाभळीच्या बनाला टेकून एक इवलंसं घर होतं. तिथे हौसा आणि तिचे आबा, असे दोघंच राहत. आबा घरीच चामड्याच्या सुंदर चपला शिवत. पण हिवाळ्यात त्यांना मोठं दुखणं आलं आणि तेव्हापासून त्यांचे हात थरथरू लागले. चामड्याला भोक पाडायची आरी हातात धरली, की ती भलतीकडेच जाई. हौसाला साधे टाके जमत, बारीक काम जमत नसे. चपला होईनात, घरात पीठ येईना. दोघं पातळ पेजेवर दिवस काढत.

एका सकाळी हौसा सरपण आणायला बनात गेली. बन कसं झगमगत होतं! पिवळीधम्मक गोंडेदार फुलं, फुलांवर दवाचे मोती आणि मोत्यांत कोवळं ऊन! तेवढ्यात कुणीतरी मुसमुसलं.

फांदीखाली एक परी बसली होती. बोटाएवढी! हळदीच्या रंगाचा झगा, काचेसारखे पंख आणि गुलाबी पावलात रुतलेला काटा.

"रडू नकोस हं," हौसा म्हणाली. तिने अलगद काटा काढला, पाऊल दवाने धुतलं. "तुला तर पंख आहेत. मग उडत का नाहीस?"

"फुलांना जागं करायला पायीच जावं लागतं गं. अजून निम्मं बन झोपलंय आणि वाटेत काटेच काटे!"

हौसाच्या ओच्यात आबांच्या कामातून उरलेले चामड्याचे मऊ तुकडे होते. तिने काट्याचीच आरी केली, पदराचा दोरा ओढला आणि आपल्या साध्याच टाक्यांनी चिंचोक्याएवढ्या दोन चपला शिवल्या. परी त्या घालून फांदीवरून टुणटुण चालू लागली. तिचं पाऊल पडे तिथे फूल उमले!

"किती मऊ आहेत!" परी हरखली. "हौसा, मी तुझी एक इच्छा पुरी करीन. पण ती दुसऱ्यासाठी मागायची. ज्याच्यासाठी मागशील त्याला आधी विचारायचं आणि तो सांगेल तेच बोलायचं. एक शब्दही बदलायचा नाही." तिने हौसाच्या हातात एक पिवळं फूल ठेवलं.

हौसा धावतच घरी आली. "आबा, आबा, तुम्हाला काय हवंय? लवकर सांगा!"

आबांनी सगळं ऐकलं. मग त्यांची नजर हौसाच्या पावलांवर गेली. भेगाळलेली, धुळीने माखलेली पावलं.

"पोरी, गावाला चपला घातल्या, पण तुला कधी एक जोड शिवला नाही. तो एक जोड माझ्या हातून होऊ दे. बस्स."

"एकच? आबा, हात कायमचे बरे होऊ देत, असं म्हणा ना!"

"मनात आलं ते सांगितलं, बाळा."

हौसाने हातातल्या फुलाकडे पाहिलं. एकच शब्द बदलला तर! पण तिने फूल छातीशी धरलं आणि हळूच म्हटलं, "आबा म्हणतात, 'पोरी, गावाला चपला घातल्या, पण तुला कधी एक जोड शिवला नाही. तो एक जोड माझ्या हातून होऊ दे. बस्स.'"

आबांचे हात शांत झाले. त्यांनी चामड्याचे तळ कापले, पट्टे वळले, वर लाल गोंडा लावला. दिवसभर आरी सरळ चालली. उन्हं कलताना त्यांनी चपला हौसाच्या पायात घातल्या. कर्र कर्र वाजवत ती अंगणभर नाचली. पण मग थबकली. आता हात पुन्हा थरथरणार!

इतक्यात फुलातून उजेड सांडला आणि परी वर आली.

"शब्द बदलावासा वाटला होता ना?"

"हो," हौसा खाली बघत म्हणाली. "पण इच्छा आबांची होती."

"म्हणून हे माझ्याकडून. आबांचे हात आता असेच राहतील."

परीने गिरकी घेतली. गिरकीसरशी उजेड वाढत गेला, केशरी, गुलाबी, सोनसळी, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. सोनेरी कण घरभर तरंगत राहिले. आबांनी तळहात पुढे केला. एक इवलासा कण त्यावर उतरला आणि हलला नाही.