बारा यंत्रे आणि भिंतीपलीकडची टकटक

एकदा एका नगरावर तीन दिवस मळभ धरून राहिले होते. पौषाचा महिना. पाऊस पडत नव्हता आणि ऊनही पडत नव्हते. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही हाताला दमट लागत होते. अशा दिवसांत माणूस घरातच बसतो, आणि घरात दुसरे कोणी नसेल तर ते नसणे जरा जास्तच कळते.

त्या नगरात एका तीन मजली इमारतीच्या वरच्या खोलीत एक तरुण राहत होता. गाव लांब. ज्या कंपनीच्या नोकरीसाठी आला, तिने वर्षभरातच गाशा गुंडाळला. सोबतचे लोक पांगले. हा मात्र राहिला, आणि आठ महिने एकट्यानेच एक विद्या शिकत बसला. विद्या अशी की, एकाच संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायचे. वरून पाहाल तर लोखंडाचा डबा एकच. पण आत दहा-बारा यंत्रे नांदतात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला वाटते की या डब्यात आपण एकटेच आहोत. त्यांना आभासी यंत्रे म्हणतात.

मोठ्या कंपन्यांत या विद्येसाठी गारेगार खोल्या असतात. याच्याकडे खिडकीखालचे एक टेबल होते. पण त्याच नगरात जुन्या संगणकांचा एक व्यापारी होता, आणि त्याच्या गोदामात एक म्हातारा कारागीर दिवसभर स्टुलावर बसून बाद झालेली यंत्रे उघडत असे. त्याला सगळे वस्ताद म्हणत. तरुणाने आपली अडचण सांगितली, तेव्हा वस्तादांनी ढिगातून कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेला एक डबा ओढला, पुसला, त्यातल्या चारही खाचांत मेमरीच्या पट्ट्या बसवल्या.

व्यापारी हसला. "वस्ताद, भंगारात जायचा माल तुम्ही पोराच्या गळ्यात बांधताय!"

"गळ्यात नाही शेटजी, हातात देतोय," वस्ताद म्हणाले, आणि तरुणाकडे वळले. "डबा म्हातारा आहे, पण छाती मोठी आहे. नवी फक्त एक डिस्क घाल. बाकीचं सगळं याच्यातच मावेल."

आणि खरोखर मावले. आठ महिन्यांत तरुणाने त्या डब्यात एक अख्खी कचेरी उभी केली. एक यंत्र नावे आणि पासवर्ड सांभाळणारे, एक टपालाचे, एक कागदपत्रे ठेवणारे. उरलेली नऊ यंत्रे म्हणजे नऊ कर्मचाऱ्यांची टेबले. कर्मचारी म्हटले की नावे हवीत. त्याने गावच्या शाळेतल्या चौथीच्या हजेरीतली नावे आठवून आठवून घातली. मग तोच केरबा होऊन यमुनेला टपाल पाठवी, आणि यमुना होऊन केरबाला उत्तर देई. बाहेरून काही बाधा यायला नको म्हणून सगळा कारभार त्याने आतल्या आत कोंडून ठेवला होता. काही बिघडलेच तर तोड सोपी होती. यंत्राचा कालचा क्षण जसाच्या तसा जतन केलेला असे. एक कळ दाबली की कालचा दिवस परत. आजचा बिघाड झालाच नव्हता, असे होऊन जाई.

आठ महिन्यांत त्याच्या दारावर टकटक केली ती फक्त सिलिंडरवाल्याने. दिवाळीत अकरा दिवस तो गावी जाऊन आला. तो गेला हे कोणाला कळले नाही, आणि आला हेही कळले नाही.

नोकरीसाठी दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्हीकडे तोंडी उत्तरे बिनचूक दिली. आणि दोन्हीकडे शेवटी एकच प्रश्न आला, "तुमच्या सर्व्हरवर माणसं किती काम करत होती?" तो म्हणाला, "नऊ." "कोण कोण?" मग त्याला कबूल करावे लागे, की नऊही जण आपणच. आता तिसरे बोलावणे आले होते, बारा दिवसांनंतरचे. तेथेही जमले नाही तर खोली सोडून गावी परतायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. आपल्या रचनेत कुठेतरी दोष आहे आणि तो आपल्याला दिसत नाही, असे त्याला वाटू लागले. म्हणून त्या मळभाच्या दिवशी त्याने वस्तादांना घरी बोलावले.

म्हातारा जिना चढून आला, थोडा दम खाल्ला, आणि पडद्यासमोर बसला. पडद्यावर टपालाचे एक पत्र उघडे होते.

"हा केरबा कोण रे?"

"चौथीत होता माझ्याबरोबर."

"आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणाला देतोय?"

"मला." तरुण जरा ओशाळला. "परवा होता. टपाल पोचतं का ते बघायचं होतं, वस्ताद. काहीतरी लिहायला लागतंच ना."

यंत्रांकडे म्हाताऱ्याने पुन्हा पाहिलेही नाही. भिंतीपलीकडून टक-टक-टक असा बारीक आवाज येत होता, त्याकडे त्याचा कान लागला होता.

"पलीकडे कोण राहतं?"

"कोणी बाई आहेत बहुतेक. सुपारी कातरतात. रोजच चालतं ते."

"आठ महिने सुपारी?" म्हातारा म्हणाला. "दात तरी उरले असतील का बाईंचे?"

मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. कोपऱ्यातले वायरचे भेंडोळे उचलले, त्याचे एक टोक तरुणाच्या यंत्राला जोडले, दुसरे खिडकीतून बाहेर काढले, आणि गॅलरीतून चालत जाऊन शेजारचे दार वाजवले. साठीच्या एका बाईंनी दार उघडले. चष्मा कपाळावर, बोटांना शाई.

"बाई, मी जुन्या संगणकांच्या गोदामातला. तुम्ही टायपिंग करता ना? तुमचा संगणक उठायला किती वेळ घेतो?"

"माझी पूजा उरकते तोवर उठतो," बाई म्हणाल्या. "कधी कधी आरतीही होते."

त्या वकिलांचे अर्ज आणि कैफियती टाइप करून देत असत. बाईंचा संगणक इतका थकलेला होता की एक पान लिहिले की तो धाप टाकी. वस्तादांनी वायर जोडली. आता बाईंचा संगणक नुसता दाखवण्यापुरता उरला; खरे काम तरुणाच्या डब्यातल्या एका आभासी यंत्रावर होऊ लागले. केरबाचे नाव पुसून तेथे बाईंचे नाव आले, मालतीबाई उकिडवे.

तरुणाचा चेहरा उतरला. तो गॅलरीत आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वस्ताद, मी दोष शोधायला बोलावलं, आणि तुम्ही तर बाहेरचं माणूस आत घेतलंत! माझी मुलाखत तोंडावर आलीय. काही बिघडलं म्हणजे?"

"बिघडेल," म्हातारा म्हणाला, आणि कठड्याला धरून जिना उतरून गेला.

पाच दिवस काही बिघडले नाही. भिंतीपलीकडून तीच टकटक येई, फक्त आता ती कशाची ते ठाऊक झाले होते. सहाव्या दिवशी दुपारी तरुणाने एक नवा बदल करून पाहिला आणि सगळी यंत्रे जागच्या जागी थिजली. तो घाबरला नाही. हाताला सवय होती. त्याने नेहमीची कळ दाबली आणि कालचा दिवस परत आणला. सगळे सुरळीत झाले.

थोड्याच वेळात दार वाजले.

"अहो, माझी चौदा पानं कुठं गेली?" मालतीबाई दारात उभ्या होत्या. "सकाळपासनं बसलेय. परवा कोर्टात लागायचीत."

तेव्हा त्याच्या ध्यानात आले. "काकू, मी ते... कालच्या जागी नेलं सगळं. आजचं झालंच नाही, असं झालं."

बाईंनी आपला उजवा हात पुढे करून त्याला दाखवला.

"झालंच नाही कसं? माझी बोटं दुखतायत ना."

एवढेच बोलून त्या परत फिरल्या. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते, असे तरुणाला वाटले. तो तडक गोदामात गेला. वस्ताद एका यंत्राची धूळ फुंकत होते.

"तुमच्या त्या वायरीनं घात केला," तो म्हणाला. "दोष शोधायचा राहिला, वर एका बाईचं नुकसान झालं."

वस्तादांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"बस. तुझ्या यंत्रांत दोष नव्हताच रे. तू पंगत मांडलीस, नऊ पानं मांडलीस, वाढायलाही तूच आणि प्रत्येक पानावर बसायलाही तूच. तिथं मीठ कमी पडलं तर सांगणार कोण? एकट्याच्या घरात कालचा दिवस परत आणता येतो, राजा, कारण तिथं आजचा दिवस दुसऱ्या कुणाचा गेलेला नसतो. दुसरं माणूस आत आलं की तो मागचा रस्ता बंद. मग पुढं जाऊन भरून द्यावं लागतं. मी वायर एवढ्याचसाठी ओढली. आठ महिन्यांत तुझ्या हातून बिघडावं असं कुणाचं काही तुझ्याजवळ नव्हतंच. आता आहे."

"पण आता मी काय करू?"

"टाइप करता येतं ना तुला?"

तरुण उठला. त्या संध्याकाळी तो प्रथमच शेजारच्या खोलीत गेला. "काकू, तुम्ही वाचा. मी टाइप करतो." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले, वकिलाचे कागद काढले आणि वाचू लागल्या.

"सबब, अर्जदाराची नम्र विनंती की... अहो, सबब! सबळ काय लिहिताय? एवढी विद्या शिकलात आणि कोर्टाचं मराठी कच्चं ते कच्चंच."

"आमच्या गावात कोर्ट नव्हतं, काकू."

"मग भांडत कुठं होता तुम्ही लोक?"

तो हसला. स्वतःच्या हसण्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला. त्या दिवशी नऊ पाने झाली, उरलेली पाच दुसऱ्या सकाळी. नंतर त्याने बाईंच्या कागदांसाठी वेगळी जागा केली, रोज संध्याकाळी त्यांची प्रत एका निराळ्या डिस्कवर उतरवू लागला, आणि यंत्राला हात लावण्याआधी शेजारचे दार वाजवू लागला. कधी उत्तर येई, "करा." कधी येई, "पाच मिनिटं थांबा, परिच्छेद पुरा होऊ दे." मग तो गॅलरीत उभा राहून पाच मिनिटे थांबे. यमुना आणि उरलेली सात नावेही त्याने एके दिवशी पुसून टाकली. पुसताना त्याला थोडे वाईट वाटले, हेही सांगायला हवे.

मुलाखतीचा दिवस आला. तीन माणसे समोर बसली होती. सगळे विचारून झाल्यावर मधल्या गृहस्थांनी तोच प्रश्न टाकला.

"माणसं किती होती तुमच्या सर्व्हरवर?"

"एक."

डावीकडचे गृहस्थ गालात हसले. मधल्यांनी विचारले, "आणि बिघडलं तेव्हा काय केलंत?"

तरुणाने चौदा पानांची हकीकत सांगितली. काही झाकले नाही. सबब आणि सबळचेही सांगितले. मधल्या गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली. "आमच्याकडे चारशे माणसं आहेत," ते म्हणाले. "त्यांचीही बोटं दुखतात. सोमवारपासून येता का?"

बसच्या खिडकीशी बसून तो परत निघाला. आनंद झाला होता, पण एवढ्या मोठ्या नगरात तो कोणाला सांगावा हे चटकन सुचेना. वस्तादांचे गोदाम एव्हाना बंद झाले असणार. गावाकडे फोन लागला नाही. सवयीने मान खाली घालून तो जिना चढला. आपले कुलूप जसे लावून गेलो तसेच असेल, आणि आपण नव्हतो हे त्या कुलपाखेरीज कोणाला ठाऊक नसेल, असे काहीसे त्याच्या मनात चालले होते.

वर पोचला तर मालतीबाई गॅलरीत उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, कमरेवर हात.

"अहो, सकाळपासनं बंद पडलंय तुमचं ते. तीनदा दार वाजवून गेले मी. होतात कुठं?"