दुरडीतलं आठवं अंडं

कोंबड्या अंधारातही बोलत असत, त्या काळातली गोष्ट. ठिपकी नावाची कोंबडी पहिल्यांदाच अंड्यांवर बसली होती. जुन्या दुरडीत, पेंढ्यावर, सात अंडी होती. रोज मध्यरात्री तिला जाग येई आणि वाटे, अंडी गार तर पडली नाहीत? मग ती उठे, एकेक अंडं चोचीने चाचपे आणि पुन्हा बसे. जरा डोळा लागला की पुन्हा तेच.

एका रात्री ती पाचव्यांदा उठली तेव्हा दुरडीने विचारलं, "कशी आहेत गं अंडी?"

"गारच लागतात मावशी. म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही."

"तू बसलेली असतेस तेव्हा चांगली उबदार असतात. तू बघायला उठतेस आणि वारा आत शिरतो."

ठिपकी ओशाळली. "पण काळजी वाटली तर काय करू?"

"वाटू दे की. तिलाही घे पंखाखाली. सात आहेत, तिथे आठवं."

ठिपकी बसली. त्यानंतरही तिला मध्यरात्री जाग येई, पण ती जागची हलत नसे. पंख थोडे पसरून पुन्हा मान आत घाली.

एकविसाव्या दिवशी उजाडलं तरी ठिपकी गाढ झोपली होती. शेवटी पोटाखालच्या सात चोचींनी टोचून टोचून तिला उठवलं.