वीस राखणदार

टण्.

असा एक बारीक आवाज फार वर्षांपूर्वी त्या राज्याच्या दरवाज्यात झाला होता. निंबोजीनं तो ऐकला. नंतर आयुष्यात त्यानं कितीतरी आवाज ऐकले, पण तो काही त्याच्या कानातून गेला नाही.

त्या राज्याला नाव नव्हतं. त्याला एकच दरवाजा होता आणि तो आतून उघडत असे. राज्य लहान होतं, उबदार होतं, आणि आपलं सुखदुःख त्याला सांगता येत नव्हतं. त्याच्याजवळ एक घंटा तेवढी होती. भूक लागली, थंडी वाजली, कुठं दुखलं, की ती घंटा वाजायची. कशासाठी वाजते ते बाहेरच्यांनी ओळखायचं. राज्याचा सगळा कारभार दरवाज्याबाहेरच्यांच्या हाती होता. आत काय जाईल आणि काय जाणार नाही, हे तेच ठरवत.

बाहेर तिघं होती. लाडाक्काच्या हातात कायम एक चांदीची वाटी असे. बघूनाना कारभारी होते. कुठलंही काम समोर आलं की ते मान डोलावून "बघू" म्हणत, म्हणून त्यांचं नाव तसं पडलं. तिसरा निंबोजी. तो झाडलोट करणारा म्हातारा. त्याच्या खांद्यावर ओला फडका आणि हातात कडुलिंबाची काडी, टोक चावून मऊ कुंच्यासारखं केलेली. तो कमी बोलायचा आणि सावकाश बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं संपायच्या आत बाकीचे दुसऱ्या कामाला लागलेले असत.

त्या दिवशी लाडाक्कानं नेहमीसारखी वाटी दरवाज्याला लावली आणि वाटीचा काठ आत कशालातरी लागला. टण्.

"आला गं बाई! पहिला आला!" आक्का ओरडली.

नाना धावत आले. शेजारपाजारचे आले. आत, खालच्या अंगाला, तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा राखणदार जमिनीतून डोकं वर काढून उभा होता. सगळे हसले, आणि ते पाहून राज्यानंही आपला दरवाजा पूर्ण उघडला.

निंबोजी ओला फडका घेऊन पुढे झाला. "आक्का, जरा एवढा फिरवून घेतो. पायाशी दूध साचलंय त्याच्या."

"अहो, एक तर आलाय! एकट्याला काय झाडता? सगळे येऊ द्या आधी."

"हो, हो," नाना म्हणाले. "वीस होऊ देत. मग बघू."

निंबोजी मागे सरला.

त्या राज्याची रीत अशी होती. आधी वीस लहान राखणदार येत. ते कायमचे राहायला येत नसत. जमिनीखाली थोरले झोपलेले असत, आणि प्रत्येक धाकट्याच्या पायाखाली त्याच्या जागेवर येणारा एक थोरला. धाकट्यानं वर उभं राहायचं, दळायचं, राज्याला बोलायला शिकवायचं, आणि खालचा जागा होईपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची. पुढच्या रांगेतले सातव्या वर्षापासून निघत. अगदी मागचे दणकट, त्यांना अकराव्या वर्षापर्यंत उभं राहणं भाग होतं. थोरला वर येताना धाकट्याच्या पावलांचा माग काढत येई. वाट दाखवून झाली की धाकटा आपण होऊन जागा सोडी.

ते जाणार आहेत, एवढं सगळ्यांना पाठ होतं. कधी आणि कशासाठी, ते कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. म्हणून बाहेरचे त्यांना राखणदार म्हणत नसत. पाहुणे म्हणत.

दिवस कलला की घंटा वाजू लागे. आक्काजवळ तिच्यावर उपाय होता. कोमट दुधात ती काकवी कालवायची, चांगली दाट, आणि वाटी दरवाज्याशी कलती करून तशीच ठेवून द्यायची. राज्य चाखत चाखत झोपी जाई. घंटा गप्प होई.

"बघा, कसं शहाण्यासारखं झोपलं," आक्का म्हणायची. "माझ्याशिवाय हलत नाही ते."

आत ते गोड दूध राखणदारांच्या पावलांशी साचून राही. ते झोपलेल्या राज्यातून कुठे वाहून जाणार? त्या साचलेल्या गोडावर कोरके आले. डोळ्यांना न दिसणारे, हजारोंनी. ते गोड खात आणि आंबट पाणी मागे सोडत, आणि त्या आंबट पाण्यात राखणदारांच्या अंगाचा पांढरा दगड विरघळे. कोरक्यांवर रागावण्यात अर्थ नाही. त्यांना पोट होतं, ते भरत होते. रोज संध्याकाळी त्यांना पंगत वाढणारे हात मात्र कोरक्यांचे नव्हते.

तिसरं वर्ष सरायच्या सुमारास वीसही राखणदार आले. निंबोजीनं दरवाज्यातून बोटांवर मोजले, दोनदा मोजले, आणि तो नानांपुढे जाऊन उभा राहिला.

"नाना, वीस झाले. आता झाडायला घेतो."

नाना सुपारी कातरत होते. "वीस झाले? वा. म्हणजे आता निघायच्याच तयारीला लागणार. जाणाऱ्या पाहुण्याच्या खोलीला कुणी रंग देतं का, निंबोजी?"

शेजारी बसलेले हसले. निंबोजी हसला नाही. तो विचार करत राहिला. त्याला वेळ लागला.

"एक होता तेव्हा म्हणालात, अजून आलेत कुठे. आज म्हणता, जाणारच आहेत. या दोहोंच्या मधला झाडायचा दिवस कुठला होता, नाना? तो मला कुणी सांगितलाच नाही."

"बघू," नाना म्हणाले.

पुढच्या आठवड्यात निंबोजीला एक पट्टा दिसला. दरवाज्यावरच्या चौघांच्या मुळाशी, हिरड्यांच्या बांधाला लागून, खडूनं ओढल्यासारखी एक रेघ. त्यानं आक्काला हात धरून आणलं.

"हे बघा. अजून दगड फुटलेला नाही. आता वाटी थांबवली आणि रोज झोपायच्या आधी मला थोडा वेळ दिला, तर हे भरून येईल."

"पांढरंच तर आहे! काळं कुठं काय झालंय?"

"आक्का, भिंतीचं पांढरं वेगळं आणि भिंतीचा चुना सुटतो ते पांढरं वेगळं."

"आणि वाटी नाही लावली तर घंटा कोण ऐकणार? तुम्ही?" आक्काचा आवाज चढला. "तुमच्या हातात सदा ती कडू काडी. तुम्ही आलात की ते दरवाजा मिटून घेतं. मी आले की उघडतं. तसंच राहू दे. मी कडू झाले तर माझ्याकडे कोण बघणार?"

त्या दिवशी निंबोजीनं कुणाला न विचारता काडी आत घातली. दोन राखणदारांच्या पायाशी त्यानं हळूच झाडलं असेल नसेल, तोच घंटा घणघणायला लागली. आक्का धावत आली, तिनं त्याचा हात झटकला. "रडवलंत ना! या वयात जरा तरी दया असावी माणसाला." आणि तिनं वाटी लावली. घंटा थांबली. निंबोजी काडी खाली करून निघून गेला.

तिथं तो चुकला. घंटेला घाबरला. आक्का घाबरत होती तसाच.

पुढच्या दोन वर्षांत खडूची रेघ पिवळी झाली, मग तपकिरी. दरवाज्यावरचे चौघे झिजून खुंटांसारखे उरले. बाहेर कुणी विचारलं तर नाना सांगत, "दुधाचेच ते. पाहुणे."

निंबोजीला काळजी होती ती उजव्या अंगाच्या सर्वांत मागच्या राखणदाराची. तो सगळ्यांत रुंद, सगळ्यांत मेहनती. भाकरी असो की पेरू, दळण त्याच्याच पाठीवर. आता त्याच्या पाठीला खड्डा पडला होता. निंबोजी दरवाजा उघडा सापडला की त्याच्याशी बोलायचा.

"कसं आहे रे, बाळा?"

"थंड पाणी आलं की पार आत जातं, आजोबा."

"बसतोस का जरा?"

"बसून कसं चालेल? खालचा अजून कोवळा आहे. त्याला यायला सहा वर्षं आहेत. मी हललो तर त्याला वाट कळायची नाही."

"उभा राहा मग. मी सांगून बघतो त्यांना."

"ते ऐकतात का तुमचं?"

निंबोजी उठला. त्यानं जाऊन सांगितलं. नाना म्हणाले, बघू.

पाचव्या वर्षी दरवाज्याच्या उजव्या अंगाची टेकडी सुजून लाल झाली. घंटा वाजू लागली ती तीन दिवस थांबली नाही. आक्का रडत होती. तिचं प्रेम खोटं नव्हतं. तिनं वाटीत काकवी दुप्पट केली. पहिल्यांदाच राज्यानं वाटी झिडकारली. नानांनी लवंगेचं तेल लावून बघितलं. चौथ्या दिवशी परगावाहून चिमटेवाला कारागीर आणावा लागला.

त्यानं आत दिवा धरून बराच वेळ पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"याच्या पायाखाली पू झालाय. काढावा लागेल. एवढं होईपर्यंत काय करत होतात?"

"नाहीतरी तो जाणारच होता," नाना म्हणाले.

"जाणार होता. अकराव्या वर्षी. हे कितवं चाललंय?"

मागून निंबोजी बोलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"नाना, जाणार तर तुम्हीही आहात. म्हणून उद्यापासून तुमचं ताट वाढायचं बंद करू? तुमच्या खोलीतला केर काढायचा नाही? अंगावर जखम झाली तर म्हणू, राहू द्या, पाहुणेच आहेत?"

कुणी हसलं नाही. आत चिमटा लागला. घंटेचा असा आवाज त्या राज्यात आधी कधी झाला नव्हता.

कारागिरानं राखणदाराला बाहेर काढून निंबोजीच्या तळव्यावर ठेवलं. वरून तो अजून रुंद दिसत होता. उलटा केला तर आतून पोकळ होता. वजन काहीच नव्हतं. एवढ्याशा पोकळ अंगावर त्यानं दोन वर्षं दळण दळलं होतं. निंबोजीनं त्याला फडक्याच्या कोपऱ्यात बांधलं.

सहाव्या वर्षी मागच्या अंगानं एक थोरला वर आला, ज्याच्या डोक्यावर कुणी धाकटा नसतोच असा. त्यानं समोर पाहिलं तर जागा मोकळी. तो हावरट नव्हता. "ही कुणाचीतरी आहे" असं सांगायला तिथं कुणी उभं नव्हतं, एवढंच. तो पुढे कलला आणि तिथंच रुतला. पुढे आणखी तीन राखणदार वेळेआधी काढावे लागले. ज्याची त्याला जागा उरली नाही.

अकराव्या वर्षी त्या रुंद राखणदाराच्या पायाखालचा थोरला जागा झाला. त्यानं वरची पावलं ऐकायचा प्रयत्न केला. वर पावलं नव्हती. अंधारात चाचपडत तो जिथं फट सापडली तिथून बाहेर पडला, रांगेच्या बाहेर, खांदा आधी आणि तोंड भिंतीकडे करून. पुढचे थोरलेही असेच, जागा मिळेल तसे, एकमेकांच्या अंगावर रेलून उभे राहिले. राज्यानं दरवाजा मिटून ठेवायची सवय करून घेतली. निंबोजी आता रोज येत असे आणि राज्य त्याला येऊ देई, पण आपण होऊन दरवाजा उघडत नसे.

त्याच सुमाराला शेजारी दुसरं एक राज्य आलं. अजून सहा महिन्यांचं. आक्का त्याला मांडीवर घेऊन बसली होती, हातात तीच चांदीची वाटी. सगळे जमले होते. मोठं राज्यही जवळ येऊन वाकून बघत होतं.

टण्.

निंबोजीनं मान वर केली.

"आला गं बाई!" आक्का ओरडली. "पहिला आला!"

सगळे हसले. हसता हसता मोठ्या राज्याचाही दरवाजा उघडला; किती दिवसांनी, आणि अगदी पूर्ण.

नानांनी पाहिलं. "अगं, काय हे! किती वेडेवाकडे आलेत गं तुझे! कुणावर गेलीस?"

एक तळवा वर आला आणि दरवाज्यावर आडवा झाला. वरचे दोन डोळे नानांकडे बघत राहिले. मग आक्काकडे वळले.

आक्काचं लक्ष नव्हतं. तिनं वाटीतल्या काकवीत बोट बुडवलं होतं आणि ती मांडीवरच्या नव्या दरवाज्याशी लाडानं बोलत होती. निंबोजी फडका घेऊन उठला, तशी ती म्हणाली, "बसा हो निंबोजी. एक तर आलाय अजून."

मुलीचा दुसरा हात पुढे आला. तिनं आक्काच्या हातातली वाटी काढून घेतली. निंबोजीच्या खांद्यावरचा ओला फडका ओढला, आक्काच्या रिकाम्या झालेल्या हातात ठेवला, आणि तोंडावरचा तळवा न काढता वाटी घेऊन निघून गेली.